खुंटीवरची रोटी

शायन : तीन रोट्या? लग्नाला तर एकच लागते.

मिउना : लग्नाला अजून महिना आहे, दाई. या नुसत्या बघायला. पश्चिमेच्या राजाच्या वकिलाला मासला हवाय.

शायन : वकील म्हणजे तो बारीक दाढीचा यवन ना, आपल्या राजाच्याच देशाकडचा? कालपासून तिसऱ्यांदा आला स्वयंपाकघरात. रोटी केवढी जाड असते, मधे फुगते का, कापली तर चुरा किती पडतो. मी म्हटलं, बाबा, लग्न तुझ्या राजाच्या मुलीचं आहे की माझ्या रोटीचं?

मिउना : त्यांच्यात रोटीचंच असतं. नवरा तलवार काढतो, रोटी कापतो, दोघं एकेक घास खातात. झालं लग्न.

शायन : मला सांगतेस? या घरातली दोन लग्नं मी भाजलीत. आधी तुझं, मग लानिकेचं. आता ही तिसरी येणार सतरा वर्षांची, आणि हा छप्पन्न वर्षांचा घोडनवरा. आणि तू, थोरली राणी, इथं उभी राहून सवतीच्या रोटीवर तीळ पेरतेस! काही वाटतं की नाही तुला?

मिउना : वाटायचं ते लानिकेच्या वेळी वाटून झालं. तीन दिवस जेवले नव्हते मी. चौथ्या दिवशी लानिकेच ताट घेऊन आली आणि माझ्याआधी तीच रडायला लागली. मेलेल्या सेनापतीची विधवा बिचारी. तिच्याशी लग्न केलं नसतं तर सेनापतीचे दोन हजार भालेकरी आपापल्या घरी निघून गेले असते. ते लग्न भाल्यांशी होतं.

शायन : आणि हे?

मिउना : हे मुकुटाशी. चार वर्षांपूर्वीपर्यंत हे सुभेदारच होते ना? एके दिवशी सकाळी उठले आणि डोक्याला पांढरी फीत बांधून राजा झाले. पण आपणच राजा म्हणून काय उपयोग? पश्चिमेच्या राजानंही म्हणायला हवं. तो म्हणतो, माझी मुलगी करून घ्या, मग म्हणतो.

शायन : आणि तुझं कशाशी होतं गं?

मिउना : घोड्यांशी. बाबांकडे आठशे होते.

शायन : म्हणजे बाईशी एकही लग्न नाही केलं मेल्यानं.

मिउना : हळू बोल. येतायत ते. चपलांचा आवाज ऐक.

शायन : राजा? आणि सकाळी सकाळी तंदुरापाशी? पोरी, काहीतरी मागायला आलाय बघ हा.

मेनेक्लेस : वा वा वा! काय वास सुटलाय! शायनमावशी, हा वास वाऱ्यावर सोडला तर चालून आलेलं सैन्य लढाई टाकून जेवायला बसेल.

शायन : या जावईबापू. काय हवंय?

मेनेक्लेस : हवंय कुठं काय? आपल्याच घरात माणसानं सहज यायचं नाही का?

शायन : तीस वर्षांत दोनदा सहज आलात इथं. एकदा वेढा पडला होता तेव्हा पिठाच्या कोठीत लपायला.

मेनेक्लेस : पाहणी करायला! धान्य किती उरलंय ते बघायला!

शायन : डोक्यावर पोतं घेऊन? आणि दुसऱ्यांदा लानिकेशी ठरलंय हे सांगायला. तेव्हाही आधी वासाचंच कौतुक केलं होतं.

मेनेक्लेस : मिउना, या तुझ्या दाईला तू कधीच गप्प बसायला शिकवलं नाहीस.

मिउना : तिनं मला बोलायला शिकवलं. उलटं कसं शिकवू? बसा. जर्दाळू घ्या.

मेनेक्लेस : हां. गोड आहेत. तुझा गुडघा कसा आहे?

मिउना : गुडघा लानिकेचा दुखतो.

मेनेक्लेस : असं होय. मग तुझं काय दुखतं?

मिउना : ते आता तुम्ही सांगाल. काल मेजवानीत रोटीची गोष्ट सांगितलीत ना?

मेनेक्लेस : तुला कोणी सांगितलं?

मिउना : माझ्या मजल्यापर्यंत हसण्याचा आवाज आला. एवढं हसतात ते त्याच गोष्टीला.

मेनेक्लेस : लोक मागतात गं! नवा पाहुणा आला की जुनेच लोक डिवचतात. म्हणतात, महाराज, ती लग्नाची सांगा. काय करणार? काल तर रंगली होती अशी! तो वकील द्राक्षारसाचा घोट नाकातून बाहेर येईस्तोवर हसला.

मिउना : काल किती सुरे निघाले?

मेनेक्लेस : ते काय मोजत बसतो का कोणी?

मिउना : किती?

मेनेक्लेस : चाळीस.

शायन : चाळीस! अहो, पाच होते! मी होते तिथं. त्या पाचातला एक माझ्या नवऱ्याचा, आणि तो कलिंगड कापायचा सुरा.

मेनेक्लेस : मावशी, पाच सुऱ्यांना कोण हसतं? गोष्टीत थोडं मीठ घालावं लागतं. मी म्हणतो, मित्रांनो, मी सव्वीस वर्षांचा, समोर बाख्तरच्या डोंगरांतला सगळ्यात तापट सरदार, आणि त्याची त्याहून तापट पोर. आमच्या रिवाजाप्रमाणं मी तलवार उपसली. आता त्या लोकांना आमचा रिवाज काय ठाऊक! त्यांना वाटलं, हा नवरीचाच गळा कापतोय. चाळीस सुरे सपकन बाहेर! आणि नवरी? नवरी माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती, ती रोटीकडे बघत होती! झडप घातली, रोटी ओढली, पोटच्या पोराला धरावं तशी छातीशी धरली आणि ओरडली, “रोटीला पातं लावतोस? भिकाऱ्यांच्या देशातून आलास का?”

मिउना : मी भिकारी म्हटलं नव्हतं.

मेनेक्लेस : नव्हतं?

मिउना : आईनं म्हटलं होतं. मी म्हटलं, “हातानं मोडतात.” एवढंच.

शायन : खरंय. आणि चुकीचं काय म्हटलं? रोटी हातानं मोडायची, कधी पालथी ठेवायची नाही, पातं लावायचं नाही. शेंबडं पोरसुद्धा जाणतं हे. आणि या बाबाजींनी भर मांडवात तलवार काढली!

मेनेक्लेस : बरं, बरं. तीस वर्षांपूर्वीच माफी मागितलीय त्याची.

मिउना : मग? वकिलाचं नाक पुसून झाल्यावर?

मेनेक्लेस : मग त्यानं विचारलं. म्हणजे अगदी गोड आवाजात विचारलं बघ. “मग महाराज, रोटी कापली गेलीच नाही तर?” आणि मी, आता दोन चषक झाले होते, चार झाले होते, मी मांडीवर थाप मारली आणि म्हटलं, “कापतोय कुठली! पात्याचा वारासुद्धा लागू दिला नाही हिनं!” पुन्हा सगळे हसले. वकील हसला नाही. त्यानं लेखनिकाला खूण केली.

मिउना : लिहून घेतलं.

मेनेक्लेस : लिहून घेतलं.

शायन : काय लिहून घेतलं? मला कळेल असं बोला की कोणीतरी.

मिउना : दाई, त्यांच्याकडे रोटी कापली तरच लग्न. कापली नाही तर लग्न नाही. त्यांच्या हिशेबानं गेली तीस वर्षं मी या घरात पाहुणी आहे.

शायन : आता गं बाई!

मेनेक्लेस : तसं नाही. म्हणजे अगदी तसं नाही. ऐक, मिउना. त्यांच्या राजाची पहिल्यापासून एकच अट होती, माझ्या मुलीला मुलगा झाला तर गादी त्याला. आम्ही नाही म्हणत होतो. आपला आगाथोन थोरला मुलगा आहे, लग्नाच्या बायकोचा आहे, गादी त्याची. दोन महिने मी याच एका शब्दावर अडून बसलो होतो. देवाशपथ!

मिउना : आणि काल रात्री स्वतःच सगळ्यांना हसवून तो शब्द देऊन आलात.

मेनेक्लेस : जीभ आहे गं. घसरली.

मिउना : आता काय म्हणतो वकील?

मेनेक्लेस : दुपारी दरबारात तू यायचं. शपथेवर एकच वाक्य सांगायचं. पातं रोटीला लागलं नव्हतं, बस. आपणहून सांगितलंस तर सगळं गोडीगुलाबीनं होईल. तुझे महाल तुझेच, तुझी माणसं, तुझा मान. आगाथोनला नदीपलीकडचा सगळा मुलूख. किल्ला, घोडे.

मिउना : माझ्या बाबांचे घोडे.

मेनेक्लेस : हो, तेच ते.

मिउना : आणि मला काय म्हणायचं लोकांनी? राणी तर नाही.

मेनेक्लेस : वकिलानं एक पद सुचवलंय. चांगलंय तसं. “आदरणीय सहचरी”.

शायन : म्हणजे ठेवलेली.

मेनेक्लेस : मावशी!

शायन : मी काय चुकीचं बोलले? आमच्या भाषेत तेच म्हणतात. तुमच्या भाषेत त्याला झालर लावली असेल.

मिउना : लानिकेला सांगितलंत हे?

मेनेक्लेस : सकाळीच सांगितलं. तिची रोटी रीतसर कापली होती ना, तेव्हा या हिशेबानं थोरली राणी तीच ठरते. मला वाटलं खूश होईल.

मिउना : झाली?

मेनेक्लेस : उशी फेकून मारली. म्हणाली, पहाटे उठून साडेतीनशे माणसांचा स्वयंपाक कोण बघणार, मी? माझ्या गुडघ्यांनी? मिउनाला काही झालं तर मी भालेकऱ्यांना घेऊन माहेरी जाईन.

शायन : गुणाची आहे लानिके. उद्या तिच्यासाठी डाळिंबाचं सरबत करते.

मिउना : तुमच्या मायदेशी किती राजांनी दुसऱ्या, तिसऱ्या बायका केल्या हो?

मेनेक्लेस : सगळ्यांनीच. का?

मिउना : त्यांचे बाजूला सारलेले थोरले मुलगे कुठं आहेत आता? शेकोटीपाशी बसून तुम्हीच सांगितलंय मला. एकाला शिकारीत आपल्याच माणसाचा भाला लागला. एकजण पोहताना बुडाला, आणि तो तर मासेमारांत वाढलेला होता. तिसऱ्याचं काय झालं होतं?

मेनेक्लेस : अंजीर खाल्ले होते.

मिउना : अंजीर. आपला आगाथोन एकोणतीसचा आहे. नव्या राणीला मुलगा होईल, तो पाच वर्षांचा होईल. तेव्हा तुम्ही बासष्टचे. त्या पोराच्या आजोळची माणसं इथं प्रत्येक दरवाजावर असतील. आणि नदीपलीकडच्या किल्ल्यात कोणीतरी आगाथोनला मधाचा बुधला भेट पाठवेल. तो मध आधी कोण चाखणार आहे, ते सांगा. मग मी तुमचं वाक्य बोलते.

मेनेक्लेस : असं काही होणार नाही. मी आहे ना?

मिउना : तुम्ही आज आहात.

मेनेक्लेस : मग काय करू मी? तूच सांग! नाही म्हटलं तर शरदात त्याचं सैन्य खिंडीतून उतरेल. साठ हत्ती आहेत त्याच्याकडे, मिउना. साठ! तू हत्ती पाहिला नाहीस. आमचे घोडे लांबून वास आला तरी तोंड फिरवतात. मी बाहेर कुणाला बोललेलो नाही, इथं या भिंतींत सांगतो. मला त्या जनावराची भीती वाटते. रात्री दचकून उठतो मी.

मिउना : मला माहीत आहे. कधी कधी सोंडेचा हावभावही करता झोपेत.

मेनेक्लेस : हसू नकोस.

मिउना : नाही हसत. मलाही भीती वाटते. पण मला मधाची जास्त वाटते.

मेनेक्लेस : आणि मी तुला खोटं कुठं सांगायला लावतोय? रोटी कापली नव्हतीच! तू ओढून घेतलीस. सगळ्या बाख्तरला ठाऊक आहे.

मिउना : कापली होती.

मेनेक्लेस : काय?

मिउना : कापली होती. अर्धी. कडेपासून मध्यापर्यंत.

मेनेक्लेस : नव्हती गं! मी होतो तिथं!

शायन : मीही होते. आणि ती रोटी माझ्या हातची होती. तलवार आत शिरली तेव्हा माझ्या काळजात शिरली. पार मध्यापर्यंत गेली, मग या पोरीनं झडप घातली. मग हिच्या बापानं सगळ्यांना खाली बसवलं. म्हणाला, पाहुणा वेडा आहे पण मनाचा वाईट दिसत नाही. मग हिनं चिरलेल्या जागेपासून पुढं हातानं मोडली. धाकट्या तुकड्यातला एक घास तुमच्या तोंडात घातला, एक स्वतः खाल्ला. आणि तुमच्या डोळ्यांत पाणी आलं.

मेनेक्लेस : माझ्या? धूर असेल.

शायन : मांडव उघड्यावर होता.

मेनेक्लेस : मला काहीच आठवत नाही यातलं.

मिउना : कसं आठवेल? तीस वर्षं त्यावर गोष्ट रचताय. दर मेजवानीला तलवार थोडी आखूड झाली आणि सुरे वाढले.

मेनेक्लेस : बरं, मान्य. समजा कापली. पण आता तुझा शब्द आणि या म्हातारीचा शब्द, आणि समोर माझ्या तोंडचं लिहून घेतलेलं. वकील म्हणेल, बायका आपल्या पोरासाठी रचून सांगतायत. पुरावा काय?

मिउना : बसा. आलेच मी.

शायन : कुठं चाललीस? काही आणायला? अगं, ते ठेवलंयस अजून?

मेनेक्लेस : काय? काय ठेवलंय?

शायन : जावईबापू, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही स्वारीवर निघालात. आठवतंय का तेवढं तरी?

मेनेक्लेस : ते आठवतं. गारठा होता. घोडा नवा होता.

शायन : आणि घोड्यावर चढायच्या आधी हिच्या आईनं तुमच्यापुढं उरलेली अर्धी रोटी धरली.

मेनेक्लेस : हो, हो! चावा घ्यायला लावला. मग माझ्या हातातून काढून घेतली! मला वाटलं, काय कंजूष सासू मिळालीय, न्याहारीसुद्धा पुरती देत नाही.

शायन : न्याहारी! ऐका बाई, न्याहारी म्हणे! अहो, घरचा माणूस लांबच्या वाटेला निघाला की एक चावा घेतो, आणि उरलेली रोटी खुंटीला टांगतात. तो परत येऊन ती संपवतो. संपवली की आला असं धरायचं. तोवर तो वाटेवर आहे, यायचा आहे.

मेनेक्लेस : आणि मी त्या घरी परत गेलोच नाही.

शायन : कुठले जाताय! आठ महिन्यांनी निरोप आला, बायकोला छावणीत पाठवा. पोर पोटुशी. उंटावर बसायच्या आधी आत गेली, खुंटीवरची रोटी काढली, फडक्यात बांधली. आई म्हणाली, दागिने घे. ही म्हणाली, जागा नाही.

(मिउना एक मळकं लोकरी फडकं घेऊन येते आणि तंदुराशेजारच्या फळीवर ठेवून उलगडते. आत अर्धचंद्राच्या आकाराचा, दगडासारखा वाळलेला तपकिरी तुकडा आहे.)

मेनेक्लेस : ही?

मिउना : हात लावा. फुटत नाही सहजासहजी. ही सरळ कड बघा. इथून इथपर्यंत गुळगुळीत आहे. हातानं मोडलेली रोटी अशी कधीच तुटत नाही. इथून पुढं बघा, खडबडीत. हे मी मोडलेलं.

शायन : माझेच तीळ! बघा, अजून चिकटून आहेत.

मिउना : आणि हा गोल कडेला चावा.

मेनेक्लेस : चावा कोणाचाही असेल.

मिउना : मधे ही बारीकशी जीभ राहिलीय बघा. चावणाऱ्याला वरचा पुढचा एक दात नव्हता. तुमचा कधी गेला?

मेनेक्लेस : लग्नाच्या आदल्या वर्षी. गोफणीचा दगड. इकडं दे. आ...

शायन : बसला! अगदी खाचेत बसला! कुलपात किल्ली बसावी तसा!

मेनेक्लेस : आअं... धूळ आहे नुसती. हे तू तीस वर्षं ठेवलंस? छावणीत? त्या वाळवंटातून? नदी पार करताना सगळं सामान वाहून गेलं तेव्हाही?

मिउना : सामान वाहून गेलं. हे माझ्या पोटाशी बांधलेलं होतं.

मेनेक्लेस : मग मला कधी दिलं का नाहीस? मी आलो होतो ना परत. किती वेळा आलो.

मिउना : पहिल्यांदा छावणीत पोचले तेव्हा द्यायचीच होती. पण तुम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा निघणार होता. म्हटलं, ही मोहीम होऊ दे. मग पुढची आली. मग असं झालं, की तुम्ही निघालात की मी मनाशी म्हणायचे, रोटी शिल्लक आहे, म्हणजे येतील. आणि तुम्ही यायचात. एकदा खांद्यात बाण घेऊन, एकदा गाढवावर पालथे पडून, पण यायचात. सतरा लढाया झाल्या. मग मला ती द्यायची भीती वाटायला लागली. आता हसा तुम्ही. तुमच्या पंडितांना हे वेडगळ वाटेल. पण मला तुमच्यावर प्रेम होतं, आणि तुमच्या देवांवर माझा काडीचा विश्वास नव्हता.

मेनेक्लेस : होतं?

मिउना : काल रात्रीपर्यंत तरी नक्की. आज तुम्ही सांगा.

शायन : शोरबा गरम आहे, जावईबापू.

मेनेक्लेस : शोरबा मधेच कुठून आला?

मिउना : ती बरोबर बोलतेय. आता रोटी तुमच्या हातात आहे. दोनच गोष्टी करता येतील. इथं बसा, शोरब्यात भिजवा, संपवा. पुरावा गेला. तुम्ही घरी आलात. मग मी दुपारी दरबारात येऊन तुमचं वाक्य शब्दन् शब्द बोलेन. आणि संध्याकाळी आगाथोनला घेऊन डोंगरात माहेरी निघेन. बाबांचे घोडे सोबत.

मेनेक्लेस : घोडे कसे नेशील? ते लग्नात दिलेले आहेत!

मिउना : कुठल्या लग्नात?

शायन : अगं माझ्या बाई!

मेनेक्लेस : मिउना, आठशेचे आता तीन हजार झालेत. माझं सगळं घोडदळ आहे ते.

मिउना : हो. आईवेगळी शिंगरं मी स्वतः दूध पाजून वाढवलीत. मला ओळखतात. हाक मारली तर येतील.

मेनेक्लेस : आणि दुसरी गोष्ट?

मिउना : दुसरी तुम्हाला ठाऊक आहे. हेच फडकं उचलायचं आणि दरबारात जाऊन त्या साठ हत्तींच्या वकिलासमोर म्हणायचं, मी काल खोटं बोललो. सगळ्यांना हसवायला.

मेनेक्लेस : सगळ्यांसमोर?

मिउना : सगळ्यांसमोरच सांगितलं होतंत ना?

मेनेक्लेस : हसतील मला.

मिउना : तुम्हाला आवडतं की ते.

मेनेक्लेस : मावशी, तुम्ही काही बोलत नाही? आत्ता बोला ना! एरवी तोंडाला खळ नसतो.

शायन : माझी रोटी जळतेय, जावईबापू. मी तिच्याकडे बघतेय.

मेनेक्लेस : आगाथोन तीन वर्षांचा होता. मी गाढवावरून आलो, त्या वेळची गोष्ट. त्याला वाटलं बाप मेलाय. रडला नाही. माझ्या जोड्यांचे बंद सोडत बसला. मला शुद्ध आली तेव्हा गाठी मारून ठेवल्या होत्या त्यानं, पुन्हा जाऊ नये म्हणून.

मिउना : त्या गाठी सुटल्याच नाहीत. शेवटी कापाव्या लागल्या.

मेनेक्लेस : अंजीर खाल्लेला तो पोरगा माझ्या वयाचा होता. आम्ही एकत्र पोहायला शिकलो. कोणी सांगितलं नाही आम्हाला, पण सगळ्यांना माहीत होतं. झ्यूसची आण, मी इतका सोपा हिशेब कसा केला गं? किल्ला, घोडे, मुलूख. जणू वाटणीच करत होतो.

मिउना : घाबरला होतात.

मेनेक्लेस : अजूनही घाबरलोय.

मिउना : ते दिसतंय. रोटी खाली ठेवा, पडेल.

मेनेक्लेस : नाही, असू दे माझ्याकडे. फडकं दे ते. असं गुंडाळायचं का?

मिउना : सुलटी ठेवा. तीळ वर.

मेनेक्लेस : तीळ वर. बरं. जाऊन सांगतो त्याला, दात लावून दाखवतो हवं तर. पहिली बायको बायकोच आहे, थोरला मुलगा थोरलाच आहे. या अटीवर मुलगी द्यायची असेल तर द्या, तिचा मान ठेवू. नाहीतर तिला तिच्या वयाचा कोणी बघा. बरंच होईल पोरीचं.

शायन : आणि या तीन रोट्यांचं काय करू?

मेनेक्लेस : वकिलाला शिदोरी बांधा. लांबचा रस्ता आहे.

शायन : चावा घ्यायला लावू का त्याला?

मेनेक्लेस : नको! तो परत यायला नको.

मिउना : अहो.

मेनेक्लेस : काय?

मिउना : दाखवून झाली की घेऊन या. तिथं कुणाच्या हातात देऊ नका.

मेनेक्लेस : आणतो. पण आज खाणार नाही हं मी. शरदापर्यंत तर नाहीच. कुठं आहे तुझी ती खुंटी?

मिउना : माझ्या उशाशी. इतकी वर्षं तुम्ही तिला कमरपट्टा अडकवताय.

मेनेक्लेस : तीच? असो. जातो. मिउना, वकील रागावला, आणि शरदात खरंच हत्ती उतरले, तर?

मिउना : रोटी शिल्लक आहे.